दोन डिग्री पुढं

(कोल्हापुरात गॅरेजवाले आणि इंजिनिअरिंगचे विद्यार्थी यांच्यासमोर झालेलं व्याख्यान. बोलण्याचा बाज शक्य तितका तसाच ठेवला आहे.)

नमस्कार मंडळी. पत्रिकेवर विषय छापलाय ‘टर्बो पेट्रोल गाडीत इग्निशन टायमिंग वाढवून जादा पॉवर’. त्यातलं ‘जादा पॉवर’ जरा मोठ्या टायपात आहे, म्हणून हॉल भरलाय. ‘इंजिन जास्त दिवस कसं टिकेल’ असं छापलं असतं तर मी, संयोजक आणि माइकवाला, असे तिघंच असतो. असो. आलाय तर बसा.

मी मूळचा इथलाच, पोटासाठी पुण्याला गेलो. उद्यमनगरात वाढलेल्या माणसांना पुण्याहून येऊन टायमिंग शिकवायचं म्हणजे उद्धटपणा होईल, आणि पुण्याच्या माणसावर तो आरोप आधीच आहे. (हशा) म्हणून मी शिकवणार नाही, वाद घालणार आहे. 

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, कारण शेवटी वेळ उरत नाही. टर्बो गाडीत पॉवर हवेतून येते. किती हवा आत कोंबली, ती किती गार होती आणि तिच्याबरोबर कसलं पेट्रोल गेलं, ह्यावर सगळं ठरतं. टायमिंग हा त्या तिघांचा हिशोब आहे. हिशोबात शिल्लक असेल तर टायमिंग पुढं घेता येतं. शिल्लक नसताना पुढं घेतलं तर ती उचल होते, आणि तिची वसुली पिस्टनकडून होते. आता ज्यांना फक्त एवढंच हवं होतं ते चहाला जाऊ शकतात.

कोणी उठलं नाही. बरं.

थोडी उजळणी करतो, पहिल्या वर्षाची पोरं दिसतायत म्हणून. स्पार्क पडला की सिलिंडरमध्ये एकदम स्फोट होत नाही. प्लगपाशी ज्योत पेटते आणि तिथून पसरत जाते. त्याला वेळ लागतो, काही मिलिसेकंद. इंजिन ६,००० आरपीएमवर असेल तर एका मिलिसेकंदात क्रँक, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात तो दांडा, ३६ डिग्री फिरतो. म्हणून पिस्टन टॉपला यायच्या आधीच स्पार्क द्यावा लागतो. तो आणखी आधी दिला की टायमिंग पुढं घेतलं म्हणायचं, उशिरा दिला की मागं. हेतू एवढाच की दाब सगळ्यात जास्त होईल तेव्हा पिस्टन टॉप ओलांडून १२ ते १५ डिग्री खाली आलेला असावा. सायकलचं पायडल बरोब्बर वर असताना तुम्ही कितीही जोर लावा, सायकल हलत नाही. वर यायच्या आधी दाबलं तर उलटा धक्का बसतो. थोडं पुढं गेल्यावर दाबलं की सायकल पळते. टायमिंगचं सगळं शास्त्र ह्याच्यात आलं. बाकी पुस्तकं परीक्षेसाठी.

आता एक गोष्ट सांगतो. संयोजक म्हणाले होते गोष्टी नकोत, आलेख दाखवा. आलेख येतील.

माझी उमेदवारी ह्याच उद्यमनगरात झाली, एका मिस्त्रींकडं. नाव सांगत नाही, त्यांना भाषणातलं कौतुक खपायचं नाही. तेव्हा रस्त्यावर प्रीमियर पद्मिनीचं राज्य होतं. कुर्ल्याच्या कारखान्यातली गाडी, १,०८९ सीसी, चार सिलिंडर, एक कार्बोरेटर आणि एक डिस्ट्रिब्यूटर, म्हणजे प्रत्येक प्लगला वेळेवर स्पार्क वाटणारा भाग. गॅरेजमध्ये टायमिंग लाइट होता. तो कपाटात प्लॅस्टिकच्या पिशवीत असायचा, गिऱ्हाईकाला दाखवायला. टायमिंग मिस्त्री कानानं लावायचे, आणि त्यासाठी गाडी घाटात न्यायचे.

पद्धत सोपी होती. चढ बघायचा. गाडी टॉप गिअरमध्ये टाकायची, वेग चाळीसच्या आसपास, आणि ॲक्सिलरेटर एकदम तळाला. इंजिनवर पूर्ण लोड, आरपीएम कमी. ह्याच वेळी इंजिन ठोकतं. अजिबात आवाज आला नाही तर थांबायचं, बोनेट उघडायचं, क्लॅम्पचा बोल्ट ढिला करायचा, डिस्ट्रिब्यूटरला अंगठ्यानं इवलासा धक्का द्यायचा, बोल्ट आवळायचा आणि परत चढ. डिस्ट्रिब्यूटर क्रँकच्या निम्म्या वेगानं फिरतो, म्हणजे हाताची एक डिग्री ही क्रँकच्या दोन. तेवढा इवलासा धक्का अंगठ्याला कळायला वर्षं जातात. ॲक्सिलरेटर दाबल्यावर बारीक किणकिण ऐकू आली आणि वेग वाढला की लगेच विरली, तर टायमिंग बसलं. किणकिण रेंगाळली तर केसभर मागं. मी शेजारी बसून ‘आली, आली’ म्हणायचो. मिस्त्री म्हणायचे, “गप. तुझ्या तोंडाचाच आवाज येतोय.”

एकदा एका डॉक्टरांची गाडी घेऊन आम्ही रत्नागिरीहून येत होतो. डॉक्टर स्वतः मागच्या सीटवर. सकाळी जाताना गाडी झकास होती. परतीच्या वाटेवर एका पंपावर पेट्रोल भरलं आणि आंबा घाट चढायला लागलो, तर साखरपा सोडल्यापासून इंजिन कडाकड ठोकायला लागलं. डॉक्टर घाबरले, त्यांना वाटलं बेअरिंग गेलं. मिस्त्रींनी गाडी बाजूला घेतली, खाली उतरले, पेट्रोलच्या नळीतनं चार थेंब बोटावर घेतले, हुंगले आणि म्हणाले, “डॉक्टर, पेशंटनं रॉकेल प्यालंय.”

त्या काळात हे सर्रास चालायचं. रेशनचं रॉकेल स्वस्त, पेट्रोल महाग, आणि मधे टँकर. रॉकेल मिसळलं की ऑक्टेन खाली येतं, म्हणजे पेट्रोलची दाब आणि उष्णता सहन करायची ताकद कमी होते. स्पार्कनं पेटलेली ज्योत कोपऱ्यापर्यंत पोहोचायच्या आधीच कोपऱ्यातलं मिश्रण आपलं आपण भडकतं. तो कडाकड आवाज त्याचा. मिस्त्रींनी डिस्ट्रिब्यूटर मागं फिरवला, चांगला अंगठाभर. आवाज बंद. गाडी चढली, पण रडत. वर पोहोचेपर्यंत टेम्परेचरचा काटा लाल पट्टीला टेकला. दोनदा थांबून पाणी घातलं.

घरी आल्यावर डॉक्टर म्हणाले, “मिस्त्री, आता हे असंच मागं राहू दे. आवाज तर येत नाही, इंजिन सुरक्षित.” मिस्त्री म्हणाले, “राहू दे की. मग चढाला ढकलायला दोन पोरं ठेवा आणि डिकीत पाण्याची घागर.”

हसू नका, ह्या उत्तरात आजचा निम्मा विषय आहे. टायमिंग मागं नेलं की आवाज जातो, पण उष्णता जात नाही. पिस्टनला ढकलायला जी उष्णता वापरायची ती उशिरा पेटल्यामुळं वापरली जात नाही. ती सिलिंडरच्या भिंतीतनं पाण्यात जाते आणि एक्झॉस्टमधनं बाहेर जाते. पद्मिनीत एक्झॉस्टला फक्त सायलेन्सर होता, तो तापला तर कुणाचं काय जातंय. टर्बो गाडीत तिथं टर्बाइन बसलेलं असतं, एक्झॉस्टच्या जोरावर फिरणारं आणि हवा कोंबणाऱ्या कॉम्प्रेसरला फिरवणारं. पेट्रोल गाडीच्या टर्बाइनची सहनशक्ती साधारण ९५० अंश सेल्सियसच्या आसपास, भारीतल्या मिश्रधातूचं असेल तर थोडी अधिक. टायमिंग फार मागं ठेवलं तर टर्बाइन लाल होतं, मग त्याला गार करायला ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, जादा पेट्रोल ओततो, मग गिऱ्हाईक येऊन म्हणतो ॲव्हरेज मिळत नाही.

ह्याच उष्णतेचा मुद्दाम उपयोग करणारेही आहेत. रॅलीच्या गाड्यांत अँटी-लॅग असतं. ड्रायव्हरनं पाय उचलला की टायमिंग एवढं मागं नेतात की पिस्टन टॉप ओलांडून गेल्यावर स्पार्क पडतो, मिश्रण थेट एक्झॉस्ट मॅनिफोल्डमध्ये जळतं, टर्बो फिरत राहतो, आणि मागनं फटाके वाजतात. ते फटाके आवडतात म्हणून रंकाळ्यावर गाडी फिरवणाऱ्या मित्रांना विनंती, रॅलीवाले टर्बो वारंवार बदलतात आणि त्याचं बिल कंपनी भरते. तुमचं बिल वडील भरतात. (हशा)

बरं, टर्बो. आता जरा गणित. बाहेरची हवा ३० अंश सेल्सियस आहे. कॉम्प्रेसरनं ती दुप्पट दाबली, म्हणजे गेजवर एक बार बूस्ट. कॉम्प्रेसरची कार्यक्षमता ७० टक्के धरा. हवा बाहेर पडते ती साधारण १२५ अंशांवर. नागपुरात मे महिन्यात ४५ अंशांची हवा घेतली तर तीच १४५ च्या घरात जाते. मधे इंटरकूलर आहे, तो बरंच खाली आणतो, पण तोही त्याच ४५ अंशांच्या हवेनं गार होणार. ही तापलेली, दाबलेली हवा पिस्टन परत दाबणार. म्हणून कोपऱ्यातलं मिश्रण भडकायला टपलेलंच असतं. जाता जाता, पावसाळ्यात गाडी छान पळते असं जे आपले लोक म्हणतात, त्यात तथ्य आहे. हवा गार असते हे एक, आणि दमट हवेत ज्वलन जरा सावकाश होतं, ठोकण्याची शक्यता कमी होते.

मोटारींत ह्यावर पहिली मात कुणी कशी केली ते फार मजेशीर आहे. १९६२ साली अमेरिकेत ओल्ड्समोबिलनं जेटफायर नावाची टर्बो गाडी काढली. २१५ घनइंचांचं इंजिन, २१५ हॉर्सपॉवर. त्यांनी कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टन आतलं मिश्रण किती पटीनं आवळतो ते, ठेवलं १०.२५ ला १. टर्बो लावून एवढं कॉम्प्रेशन म्हणजे त्या काळात धाडसच. मग ठोकू नये म्हणून काय केलं? डिस्टिल्ड वॉटर आणि मेथेनॉल यांचं मिश्रण इंजिनात फवारायचं. त्याला नाव दिलं ‘टर्बो रॉकेट फ्लुइड’. एक वेगळी टाकी, ती मालकानं भरत राहायची. आता मालक म्हणजे मालकच, अमेरिकेतला असला म्हणून काय झालं. लोकांनी ती टाकी भरलीच नाही. टाकी रिकामी झाली की गाडी स्वतःच बूस्ट बंद करायची, आणि मग लोक तक्रार घेऊन यायचे की गाडी ओढत नाही. दोन वर्षांत दहा हजारांच्या आतच गाड्या बनल्या आणि प्रकरण मिटलं. कित्येक गाड्यांचे टर्बो काढून साधे कार्बोरेटर बसवून दिले. इंजिनिअर बरोबर होते. फक्त त्यांनी गिऱ्हाईक गृहीत धरला.

नंतरच्यांनी सोपा मार्ग काढला. कॉम्प्रेशनच कमी करून टाका. १९७५ ची पोर्शे ९३० टर्बो घ्या, तीन लिटर, २६० पीएस (मेट्रिक हॉर्सपॉवर), कॉम्प्रेशन अवघं ६.५. बूस्ट येईपर्यंत गाडी झोपलेली आणि बूस्ट आला की एकदम ड्रायव्हरच्या अंगावर. मग स्वीडनमधल्या साब कंपनीत पेर गिलब्रांड यांच्या चमूनं माझ्या मते सगळ्यात शहाणी गोष्ट केली. इंजिन ब्लॉकला एक सेन्सर लावला, ठोकण्याचा आवाज ऐकणारा. आमच्या मिस्त्रींचा कान म्हणा. इंजिन ठोकलं की त्यांची यंत्रणा बूस्ट कमी करायची. टायमिंगला हात लावायचा नाही, हवा कमी करायची. १९८२ च्या साब ९०० टर्बोत ही एपीसी नावाची यंत्रणा आली आणि गाडी हलक्या पेट्रोलवरही बिनधास्त चालायला लागली. अमेरिकेत ब्यूइकनं त्याआधीच, १९७८ च्या टर्बो व्ही-६ मध्ये, सेन्सर लावून टायमिंग मागं ओढायची पद्धत आणली होती. दोन विचारसरणी झाल्या. एक म्हणते हवा कमी कर, दुसरी म्हणते स्पार्क उशिरा दे. आजचा ईसीयू दोन्ही करतो. आधी टायमिंग, कारण ते पुढच्याच स्पार्कला बदलता येतं, आणि ठोकणं थांबलं नाही तर मग बूस्ट.

आज चाकणला बनणारं फोक्सवॅगन-स्कोडाचं एक लिटर टीएसआय इंजिन बघा. तीन सिलिंडर, ११५ पीएस, १७८ न्यूटन मीटर, आणि कॉम्प्रेशन १०.५. जेटफायरपेक्षा जास्त, आणि फ्लुइडची टाकी नाही. पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारल्यामुळं आतली हवा गार होते, इंटरकूलर चांगला आहे, आणि प्रत्येक सिलिंडरचं टायमिंग वेगळं सांभाळलं जातं. म्हणजे कंपनीनं तुमच्यासाठी जेवढी शिल्लक काढता येईल तेवढी काढून वापरलीसुद्धा. रांजणगावात बनलेली फियाटची लिनिया टी-जेट किंवा पुढची अबार्थ पुंटो ज्यांच्याकडं असेल, त्यांच्याकडं जरा जास्त शिल्लक होती. १.४ लिटरचं तेच मूळ इंजिन लिनियात ११४ पीएस आणि अबार्थमध्ये १४५. पण तिथंसुद्धा वाढ मुख्यतः बूस्टमधून आली.

आता माझी तक्रार. पाच मिनिटांत संपवतो.

(संपली नाही. सं.)

गेली काही वर्षं गल्लोगल्ली लॅपटॉपवाले झालेत. ‘स्टेज वन’, वीस मिनिटांत. ओबीडीच्या सॉकेटला (गाडीचे दोष तपासायला दिलेलं सॉकेट) वायर लावायची, कुठून तरी आणलेली फाइल गाडीत ढकलायची, डायनोवर, म्हणजे पॉवर मोजायच्या यंत्रावर, एक पळ मारायची आणि कागद हातात. कुणाचं नाव घेत नाही. इचलकरंजीचा एक पोरगा माझ्याकडं आला. छोटं तीन सिलिंडरचं टर्बो, डायरेक्ट इंजेक्शन. डायनोचा कागद त्यानं फ्रेम करून घरात लावलेला. मे महिन्यात चार मित्र घेऊन गोव्याला गेला, वाटेत मिळेल ते पेट्रोल भरलं, परतताना एसी लावून आंबोली चढला. वर आला तेव्हा इंजिन दोन सिलिंडरवर. पिस्टन काढला तर दोन रिंगांमधली जागा, रिंग लँड, तुकडा पडलेला. फाइल टाकणाऱ्यानं काय सांगितलं? पेट्रोल खराब होतं. अहो, पेट्रोल खराब असणार हे गृहीत धरून तर सेन्सर लावलाय!

मग ती फाइल उघडून बघितली. फुल लोडच्या सगळ्या टेबलात सरसकट चार डिग्री वाढवलेल्या. दोन हजार आरपीएमला चार, सहा हजारला चार. आत येणारी हवा तापली की टायमिंग मागं घ्यायचं एक टेबल असतं, त्यात शून्यं भरलेली. आणि कळस म्हणजे नॉक सेन्सरची संवेदना कमी केलेली. म्हणजे इंजिन ठोकतंय, पण ईसीयूला ऐकूच जात नाही. आलेख एकदम गुळगुळीत. पोरगा खूश. मिस्त्रींच्या कानात बोळे घालून त्यांना घाटात पाठवलं म्हणायचं.

डायनोच्या कागदाबद्दलही सांगतो. बोनेट उघडं, समोर मोठा पंखा, इंजिन नुकतंच गरम झालेलं, इंटरकूलर अजून गार, आणि पळ दहा-बारा सेकंदांची. त्या दहा सेकंदांत चार डिग्री पचतात. आंबोली घाट दहा सेकंदांचा नाही. मला तो कागद दाखवायचा असेल तर सलग पाचवी पळ दाखवा, दुपारी दोनची.

(चिठ्ठी आली. ‘दहा मिनिटे’. अक्षरावरून संयोजक रागावलेले दिसतायत.)

बरं, मग जे सांगायला बोलावलंय ते आता भराभर सांगतो. ज्यांना लिहायचं आहे त्यांनी लिहा, आलेख राहिले.

पहिलं म्हणजे लोकांना एवढा मोह का होतो. टायमिंग वाढवत गेलं तर टॉर्क वाढतो, मग माथ्यावर सपाट होतो, मग उतरतो. माथ्याजवळ दोन-तीन डिग्रीचा फरक एखाद्या टक्क्याचा, ड्रायव्हरला कळणारही नाही. बिनटर्बोची गाडी बहुतेक वेळा ह्या माथ्यावर किंवा त्याच्याजवळ चालते, म्हणून तिथं टायमिंगशी खेळून काही हाती लागत नाही. टर्बो गाडी फुल बूस्टला माथ्यापासून बरीच खाली, चढावर असते, कारण माथा गाठायच्या आधी ती ठोकते. चढावर प्रत्येक डिग्रीला टॉर्क वाढतो, डायनोवर दिसतो. म्हणून लोक तिथं लालचावतात. पण तुम्ही चढावर आहात ह्याचा अर्थच हा की मधे कडा आहे.

दुसरं. आधी शिल्लक तयार करा. प्लग एक नंबर गार (उष्णता लवकर बाहेर काढणारा) घ्या, गॅप थोडा कमी करा, नाहीतर जास्त बूस्टला स्पार्क विझतो. इंटरकूलर साफ आहे का, पाइपांना गळती आहे का बघा. मिश्रण फुल लोडला लॅम्ब्डा (हवा-पेट्रोलच्या प्रमाणाचा आकडा) ०.८ ते ०.८५ च्या आसपास आहे का बघा. पेट्रोल एकच ठरवा. ९५ वर ट्यून केली तर आयुष्यभर ९५. एकशे ऑक्टेनवर ट्यून करून गडहिंग्लजच्या पंपावर साधं भरलं तर ईसीयू तुम्हाला वाचवेलच असं नाही.

तिसरं. लॉग, म्हणजे गाडी चालताना ईसीयूतल्या आकड्यांची नोंद, घ्या, आणि घाटात घ्या. प्रत्येक सिलिंडरचं टायमिंग ईसीयू किती मागं ओढतोय ते, आत येणाऱ्या हवेचं तापमान, बूस्ट आणि लॅम्ब्डा. स्टॉक गाडीतच तीन-चार डिग्री मागं ओढल्या जात असतील तर वाढवायचं कशाला? आधी ते का ओढतोय ते शोधा. कित्येकदा नुसता इंटरकूलर बदलून गमावलेल्या डिग्री परत येतात आणि टेबलाला हात लावावा लागत नाही. लक्षात घ्या, इंजिन ठोकलं की ईसीयू दोन-तीन डिग्री झटकन मागं घेतो आणि पुढं येताना कणाकणानं येतो. म्हणजे सतत थोडं थोडं ठोकणारी गाडी सरासरीत मागंच राहते. टेबलात दोन डिग्री कमी लिहिलेली गाडी रस्त्यावर जास्त पळते असं मी पुष्कळदा बघितलंय.

चौथं, प्रत्यक्ष क्रम. बूस्ट वाढवणार असाल तर आधी टायमिंग मागं घ्या. ढोबळ हिशोब, एक पीएसआय जादा बूस्टला एक डिग्री मागं. मग बूस्ट वाढवा. मग टायमिंग एकेक डिग्रीनं, कड्याजवळ अर्ध्या डिग्रीनं पुढं आणा आणि दर वेळी टॉर्क बघा. टॉर्क वाढायचा थांबला की तुम्ही थांबा, आवाज आला नसला तरी. ठोकलं तर तिथून दोन डिग्री मागं येऊन कायमचं तिथंच राहा. सगळ्यात नाजूक जागा म्हणजे जिथं टॉर्क सर्वाधिक ती, साधारण अडीच ते चार हजार आरपीएम. तिथं टायमिंग सगळ्यात कमी. वरच्या आरपीएमला मिश्रणाला भडकायला वेळच कमी मिळतो, तिथं जरा मोकळीक असते. म्हणून सरसकट चार डिग्री म्हटलं की माझं डोकं फिरतं. तापमानाच्या टेबलांना आणि नॉक सेन्सरला हात लावायचा नाही. ब्लॉकचा आवाज स्वतः ऐकायचा असेल तर तांब्याच्या नळीचं एक टोक चपटं करून ब्लॉकला बोल्टनं लावा, दुसऱ्या टोकाला रबरी नळी आणि इअरमफ. खर्च फारसा नाही. छोट्या बोअरच्या (सिलिंडरच्या व्यासाच्या) इंजिनाचा ठोका सात-आठ हजार हर्ट्झच्या आसपास असतो, नळीतून स्पष्ट कळतो.

पाचवं, फार महत्त्वाचं आणि मी फार घाईत सांगतोय. छोट्या डायरेक्ट इंजेक्शन टर्बोत एक वेगळाच आजार आहे, लो-स्पीड प्री-इग्निशन. त्यात मिश्रण स्पार्कच्या आधीच पेटतं. त्यावर टायमिंग मागं घेऊन उपयोग नाही, कारण स्पार्कचा संबंधच नाही. ऑइलमधलं कॅल्शियम जास्त असेल तर हे वाढतं असं आढळल्यावर एपीआय ह्या अमेरिकन पेट्रोलियम संस्थेनं २०१८ मध्ये एसएन प्लस आणि २०२० मध्ये एसपी ही ऑइलची प्रतवारी आणली. तेव्हा डब्यावर एसपी बघा. आणि दीड हजार आरपीएमला टॉप गिअरमध्ये तळाला पाय द्यायचा नाही. आमच्या मिस्त्रींची परीक्षा पद्मिनीसाठी होती, ती ह्या गाड्यांवर घेऊ नका!

वेळ संपला म्हणतायत. दोन-तीन प्रश्न घेतो.

ई-२० वर, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलवर, काय करायचं असं विचारलंय. इथेनॉलचं ऑक्टेन १०८ च्या आसपास आहे, आणि बाष्प होताना ते पेट्रोलच्या दुपटीहून जास्त उष्णता शोषतं. ई-२० साठी किमान ९५ ऑक्टेन ठरवलंय, आधीचं साधं पेट्रोल ९१ चं. म्हणजे दुपारी घाटात टर्बो गाडीला काही डिग्री परत मिळू शकतात, पण ईसीयूच्या टेबलात जेवढं लिहिलंय त्याच्या वर तो जाणार नाही. ॲव्हरेज मात्र घटणार, कारण बिनइथेनॉलच्या पेट्रोलपेक्षा लिटरमागं ऊर्जा सहा-सात टक्के कमी आहे. रबराच्या नळ्या आणि सील जुन्या गाडीत तपासून घ्या, ते टायमिंगपेक्षा आधी.

फाइल टाकली तर आरटीओ पकडेल का? मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीच्या फेरफाराबद्दल आहे, ते वाचा. वॉरंटी जाणार हे तर उघड आहे. त्याच्यावर मला विचारू नका, मी वकील नाही.

“सर, माझी डिझेल आहे, किती डिग्री ठेवू?” डिझेलला स्पार्कच नाही हो! तिथं इंजेक्शनचं टायमिंग असतं, तो दुसरा विषय, त्यासाठी परत बोलवा.

शेवटचा. लिनिया टी-जेटवाले विचारतायत प्लग कुठला टाकू. आधी जुने चारही काढून आणा, कुठल्या सिलिंडरचा कुठला ते लिहून. पांढऱ्या पोर्सेलीनवर भिंगातून बारीक चमकदार ठिपके दिसले, तर ते ॲल्युमिनियम आहे, पिस्टनचं. मग प्लगचा नंबर विचारायचा नाही, हेड उघडायचं.